अठ्ठ्याहत्तर हजार चारशे बारा

आधी खोटं काय ते सांगून टाकतो, सिस्टर:
मीटरवरचा हा आकडा.
तेहेतीस वर्षं मी चोपडा तालुक्याची वीजमीटरं वाचली,
आणि माझ्याच गाडीचं मीटर अडावदच्या फाट्यावर थांबलं
ते थांबलंच.
खरी किती पळाली ते
किकच्या झिजलेल्या रबराला विचारा.

बावीस हजार ठरले. त्यात पुढचं सगळं फुकट.

चेन मधोमध दोन बोटं हलली पाहिजे.
तेल रात्री द्यायचं, फिरून आल्यावर, चेन कोमट असताना.
सकाळी घाईत दिलं तर वैजापूर येईपर्यंत
निम्मं तुमच्या पांढऱ्या ड्रेसवर.

क्लचची नवी वायर जुनीच्या शेजारूनच ओढून ठेवलीय,
टोकं मोकळी. जुनी तुटेल ती घाटातच तुटेल,
गावात तुटायची तिला सवय नाही.

मुश्ताक पिंजारी, बस स्टँडच्या मागे, टपरी निळी.
त्याच्याकडे गेलात तर काय झालंय ते सांगू नका.
गाडी चालू करून गप्प उभ्या राहा.
तो मान तिरकी करतो, म्हणतो,
"गाडी सोता सांगस, ऐकनारा पाहिजे."
पैसे मात्र आधी विचारून घ्या.

मे महिन्यात साइड स्टँडखाली डब्याचं झाकण.
डांबर मऊ होतं. एकदा मी चार घरं वाचून आलो
तर गाडी रस्त्यावर आडवी, निवांत,
डबक्यातल्या म्हशीसारखी.
हवा पहाटे बघायची, दुपारी टायर फुशारक्या मारतं.
टाकी उन्हात गळ्यापर्यंत भरायची नाही.
आणि पावसाळ्यात काळी माती मडगार्डमध्ये बसली
की चाक फिरत नाही, आपण उगाच इंजिनाला शिव्या देतो.
काडी ठेवा. बाभळीची. पान्यापेक्षा जास्त कामी येते.

लसींचा डबा कॅरिअरला बांधाल तो ट्यूबच्या पट्ट्यांनी,
फुलीसारखा, दोनदा.
मागे वजन आलं की दिवा आभाळ बघायला लागतो,
तेव्हा हा स्क्रू अर्धा आटा.

हेल्मेट देत नाही.
आहे, पण ते एकदा पडलेलं आहे.
मडकं फुटलं तर दिसतं, हे आतून फुटतं.
नवं घ्या, आणि हनुवटीखालचा पट्टा लावा,
हँडलला अडकवलेलं हेल्मेट फक्त हँडलचं डोकं वाचवतं.

कुठे पडलं? धानोऱ्याच्या अलीकडे.
केळीची कापणी चालू होती, ट्रक भरून गेलेला,
रस्त्यावर पानं, सालपटं, तुडवलेला खांब.
वरून हिरवं, गार, बघायला छान.
मी पुढचा ब्रेक दाबला.
तिथे काहीच दाबायचं नसतं, सिस्टर.
गिअर उतरवायचा, हात सैल, आणि सरळ जाऊ द्यायचं.
डोकं वाचलं, ते तुम्हाला दिसतंय.
उजवा गुडघा नाही वाचला.
म्हणून विकतोय. हे आधी सांगायला हवं होतं, पण
भाव पडला असता.

तुम्ही विचारलंत, रात्री बंद पडली तर?
डाव्या पॅनलमागे जुन्या वीजबिलात गुंडाळलेला प्लग आहे.
तोही चालला नाही, तर इंडिकेटर चालू ठेवा,
रस्ता सोडून उभ्या राहा.
साडेतीनला उमर्टीकडून दूधवाला येतो, जगन बारेला.
त्याला माझं नाव सांगा.
नाही, तुमचंच सांगा. त्याची मुलगी
तुमच्याच हातची, असं तो म्हणत होता.

आरसी बुक, विमा, दोन्ही चाव्या.
नावावर करून घ्या, याच महिन्यात. कंटाळा मी केला होता.

मारा किक.
नाही झाली? पुन्हा मारा. अजून एकदा.
घाबरू नका, बिघाड नाही,
थांबा, थांबा,

पेट्रोलचा कॉक.
रात्री बंद करतो मी रोज. सांगायचंच राहिलं.
तो टाकीखाली, डाव्या हाताला. खाली वळवा.

हां.
आता जरा गप्प उभ्या राहा.
मला ऐकू द्या.