कयवन

गंगापूर रोड, दवाखाना, रात्रपाळी.
"आजोबा, गोळी खाल्ला का?" जिन्सी सिस्टर.
चार नंबरचे दाणी सर खूश:
केरळची पोर, अन् काय गोड मराठी!

मी विचारलं, "पानी देऊ?"
सर चष्म्यावरून: "पाणी. ण.
घरी मराठीच बोलता ना?"

बोलतो ना. म्हणजे, जवळपास.
आमच्या गावाच्या नावातच ळ आहे, ण आहे,
आणि गाव स्वतःला कयवन म्हणतं.

तीन वाजता चहाच्या खोलीत
जिन्सी म्हणाली, जीभ मागे वळव. वेळ्ळम.
तिच्याकडे पाण्यातसुद्धा ळ, तोही जोडलेला.
मी म्हणालो, वेय्यम.
चहा सांडेपर्यंत हसली. मीही.
मग तिनं वही काढली:
डोळ्याला काय म्हणता तुम्ही?

सकाळी नऊ नंबरला सटाण्याचा म्हातारा,
पट्टी बांधल्यापासून भिंतीकडे तोंड.
ती वाकली.
"बाबा, डोया दुखस का?"
म्हातारा उठूनच बसला,
सगळं सांगत सुटला, विहिरीच्या वाटणीसकट.

पलीकडून दाणी सर:
"सिस्टर, डोळा. ळ."

जिन्सीनं माझ्याकडे पाहिलं.
आठवडाभर 'खाल्ला' चाललं होतं.