कच्चा रंग

आर्ब्रोथला मार्चमध्ये धुकं समुद्रावरून चालत येतं
आणि पाय न पुसता घरात शिरतं.
त्या धुक्यात मर्डो स्वँकी गाडी घेऊन आला,
छत लावलेलं, काचा वर, फटीत वर्तमानपत्र कोंबलेलं.
"एफी, गाद्यांचं कापड बदलायचंय.
लाल. आईच्या वेळी होतं तेच लाल."

दुकानामागे माशांना धुरी द्यायची भट्टी आहे.
तीस वर्षं माझ्या प्रत्येक ठाणाला हॅडकचा वास येतो.
गिऱ्हाईक तक्रार करत नाही,
त्याच्या कोटालाही तोच येतो.

नमुने मी बाहेर नेऊन बॉनेटवर मांडले.
आत ट्यूबलाइट आहे, आणि ट्यूबलाइट खोटं बोलते.
अकरा लाल.
हा टपालपेटीचा. हा खाटकाच्या फडक्याचा.
हा नको, नाताळ वाटतो.
चामडं त्याला नकोच होतं: "ते श्रीमंतांचं म्हातारपण."
लोकर मीच बाजूला सारली.
उघडी गाडी म्हणजे शेवटी पाऊस झेलायचं भांडं,
लोकर पाणी पिते आणि ऑगस्टपर्यंत सोडत नाही.
राहिलं व्हिनाइल.
नख ओढून दाखवलं. महिनाभर खाऱ्या बादलीत पडलेला तुकडा
काढून पांढऱ्या रुमालावर घासला.
रुमाल कोरा.
"रंग पक्का," मी म्हटलं.
हे मी झोपेतही म्हणते, असं नवरा सांगतो.

त्याला भलतंच आठवत होतं:
अर्धी चड्डी, तापलेली गादी,
उठताना सोलून निघाल्यासारख्या मांड्या,
त्यांच्यावर उमटलेल्या शिवणी, धाकटी बहीण मोजायची त्या.
सात.
तिलाच फोन लावला, कॅनडात, हॅलिफॅक्सला.
स्पीकरवर श्योना जांभई देत म्हणाली,
"लाल? विटकरी होती ती.
आई गेल्यापासून तुला सगळं भडकच आठवतं."

मी सुतळी गुंडाळत राहिले.
कापडावरून सुरू झालेलं भांडण कापडाचं नसतं,
हे या धंद्यात पहिल्या वर्षीच कळतं.

मग मागची बैठक उचकटली.
गंजके खिळे, घोड्याचे केस, वाळू,
एवढ्या वर्षांनीही ओलसर.
आणि पाठ जिथं बैठकीखाली दुमडते
तिथं वीतभर पट्टी,
जिला ऊन कधी सापडलंच नव्हतं:
जांभळी.
पिकलेल्या आलुबुखारासारखी, जवळजवळ काळी.

मर्डोनं बोट लावलं. काढून घेतलं.
"ही आमची गाडी नाही."
नंबर तोच आहे, मी म्हटलं.
चहा केला, तो निवला.
फोन चालूच होता, श्योनाचा श्वास ऐकू येत होता.
"कसली जांभळी?" तिनं विचारलं. त्यानं सांगितलं.
"म्हणजे आपल्या आधीची," ती म्हणाली.

जांभळ्या गाडीत बसणारी बाई
या दोघांनी पाहिलीच नव्हती.

"जांभळंच लाव," शेवटी तो म्हणाला,
"पण पक्कं नको. विटणारं दे."

असं मला कुणी कधी मागितलं नव्हतं.
तीन गोदामांत फोन केले, तिघंही हसले.
डंडीच्या एका तळघरात एक ठाण सापडलं,
कारखान्यानंच नाकारलेलं: उन्हात टिकत नाही म्हणून.
लाल व्हायला, मी म्हटलं, बारा-तेरा उन्हाळे. इथले उन्हाळे.
विटकरीला त्याहून पुढं.
मर्डो चौसष्टचा. बोटं मोजायला लागला,
श्योनाच्या विटकरीपाशी थांबला,
पुन्हा पहिल्यापासून मोजली.

जुनी पट्टी मी होती तिथंच दुमडून
नव्या कापडाखाली शिवली. बिलात लावली नाही.

जूनमध्ये गाडी घ्यायला आला तेव्हा
भुरभुर चालू होती. त्यानं छत सोडलं,
घडी करून मागं बांधलं,
दोन्ही हातांनी, सावकाश.
"अरे, भिजेल!" मी दारातून ओरडले.
"ऊन लागायला हवं ना," तो म्हणाला,
आणि वर पाहिलं,
जिथं काहीच नव्हतं.