गंजाची नीळ

इश्पेमिंग, मिशिगन. लोखंडाच्या खाणींचं गाव.
खाणी मिटल्या, माती अजून तांबडी.
नोव्हेंबरची पंधरा तारीख आली
की इथे शाळांनाही हरणांची सुट्टी.

त्याआधी दोन आठवडे शेजारचा वायनो सारेला
जुन्या टॉवेलात नळी गुंडाळून आला.
एकनळी बंदूक, दस्ता काढलेला, घोडा काढलेला,
नुसती नळी, पाव्यासारखी निरुपद्रवी.
"डॉक, तुझे हात अजून थरथरत नाहीत."
एकतीस वर्षं मी या गावाचे दात खरवडले,
नाही कसं म्हणू?

नीळ म्हटलं की मला उरणचा हौद आठवतो,
बालदीत फिरणारी पुरचुंडी,
बाबांचे सदरे.
ही नीळ तशी नाही.
ही गंजातून काढायची.

आधी जुनं सगळं घासून लोखंड उघडं केलं.
बुडाशी एक डाग होता, तपकिरी,
दाढेमागचा थर असतो तसा हट्टी.
दुपारभर त्याच्याच मागे होते.
गेला. बरं वाटलं.

मग औषधाचा एक हात, जेमतेम ओला,
आणि नळी न्हाणीघरात, दमट, दार लावून,
बाळंतिणीला ठेवतात तशी.
सकाळी अंगभर केशरी लव.
जन्मभर ज्याला हाकललं
त्यालाच पाट मांडून बसवलेलं.

परसात वायनोने चूल पेटवली,
वर लांब पत्र्याची डोणी, साठवलेलं पावसाचं पाणी.
उकळीत केशरी काळं पडतं.
तारेच्या लोकरीने हलकेच झाडायचं,
पुन्हा औषध, पुन्हा गंज, पुन्हा उकळी.
आमच्या आळीत कल्हईवाला यायचा,
नवसागराचा धूर, कापसाचा बोळा,
एका फिरक्यात पातेल्याच्या पोटात चंद्र.
इथे रोज एकच पदर,
तोही अंधाराचा.

तिसऱ्या दिवशी वाफेपलीकडून वायनो म्हणाला,
"बुडाशी अंगठा आहे ना अजून?"
कुठला अंगठा?
"आयलीचा. तिच्या घामात काय होतं कोण जाणे,
कात्री, चमचे, शिलाई मशीनचं चाक,
धरेल ते गंजायचं.
शेवटच्या हंगामात नळी पुसायची राहिली.
मग मीच राहू दिली."

आयली.
माझ्या आजोळच्या आगरीत आयली म्हणजे आली.
पहिल्यांदा तिच्या कार्डावर नाव वाचलं
तेव्हा एकटीच हसले होते.
तिला सांगेन म्हटलं. तिच्या तोंडात नेहमी माझेच हात.

दुखणार नाही, झालंच आता,
अशी किती खोटी मी सराईतपणे बोलले.
त्या दिवशी एकही सुचेना.
"बघू," म्हटलं,
आणि लोकर उगाच झटकत राहिले.

चौथ्या उकळीनंतर बुडाशी काहीतरी दिसलं.
आधी वाटलं, माझाच हात नीट फिरला नाही.
साडेतीन रेषा, भोवऱ्याचा एक काठ,
बाकीच्या निळ्याहून जरा राखी.
डागाची मुळं माझ्या पॉलिशपेपरपेक्षा खोल होती.
सगळा नाही. अर्धाअधिक मी खाल्लेला.
तेही त्याला सांगितलं.

वायनोने चष्मा कपाळावर सरकवला,
नळी नाकाशी नेली, उजेडाकडे फिरवली.
"आयली," म्हणाला.
नाव की क्रियापद,
त्याला आगरी कुठून येणार.

मग तेलाचं फडकं मागून घेतलं
आणि सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत,
तेवढी जागा सोडून
सगळी नळी पुसली.

तिथे पुन्हा गंज धरेल,
हे मी सांगायला हवं होतं.
पण माणूस खाणीतला.
जाताना धुरावलेला मासा ठेवून गेला,
कागदात बांधलेला,
कागदावर तेलाची पाच बोटं.