एकाच पत्त्यावर

नोव्हेंबरचा पहिला आठवडा आला
की माझं दुकान बंद पडायचं.
शटर नाही, कुलूप नाही.
हलमधल्या या मागच्या खोलीत मी जागीच असायचे
पाकिटं, तराजू, टपालाची तिकिटं मांडून,
आणि पडद्यावर एक पांढरं पान,
मधोमध गोल फिरणारं काहीतरी.

शिलाई मशिनचे जुने भाग विकते मी.
बॉबिन, चामडी पट्टे, होडीसारखी शटल,
जी आता कुठलाच कारखाना करत नाही.
सहाशे चाळीस वस्तू. एकेकीचा फोटो
खिडकीच्या उजेडात, धुवट पंचावर ठेवून काढलेला.
इचलकरंजीत बाबा सांगायचे,
मशिन अडलं तर आधी दोरा बघ,
मग सुई, मग आपला हात.
इथे काय बघायचं?

कीरन नावाचा मुलगा फोनवर म्हणाला,
"शेअर्ड आहे ना तुमचं, मॅडम.
त्याच सर्व्हरवर कुणीतरी फटाके विकतं."
म्हणजे पाच तारखेला शेकोट्या पेटवणार इंग्लंड
आणि धूर माझ्या घरात.
महिना चार पौंड. त्यात शेजार निवडता येत नाही.
बेचाळीस दिले तर स्वतंत्र.
"तिथे फक्त तुम्ही," तो म्हणाला,
अशा सुरात, की कळेना
बक्षीस आहे की शिक्षा.

शाल्मली लीड्सहून म्हणाली, आई, घेऊन टाक.
मी वही काढली.
अडतीस पौंड जास्तीचे, म्हणजे दर महिन्याला एकोणीस पट्टे,
टपालखर्च धरला तर सव्वीस.
सव्वीसखाली दोन रेघा मारल्या
आणि वही तशीच उघडी ठेवली.

मग एका रात्री, झोप नव्हती म्हणून,
शोधून काढलं, माझ्या पत्त्यावर आणखी कोण राहतं.
एकशे नव्वद जण!
फटाकेवाला, अर्थात.
केसांच्या टोपांचं दुकान.
ग्रिम्सबीच्या एका चर्चमधली गाणारी मंडळी.
टाकून दिलेली फेरेट सांभाळणारी बाई
(मुंगसाच्या जातीची दिसतात, नावं मात्र राजांची).
एक प्लंबर, ज्याने "तातडीने"चं स्पेलिंग चुकवलंय.
आणि डेरेक थ्वेट.
अकरा वर्षं त्याने फक्त विजेचे मनोरे टिपले,
प्रत्येकाखाली तारीख, वारा कुठून होता, गायी होत्या का.
शेवटचा मनोरा २०११चा.
त्याच्याखाली वेगळ्या टायपात:
"बाबा मार्चमध्ये गेले. हे पान असंच राहील."
म्हणजे दर महिन्याला कुणीतरी चार पौंड भरतंय
वडिलांचे मनोरे पडू नयेत म्हणून.

मी घेतला सर्व्हर. घेणार नाही तर काय,
पट्टे विकूनच वीजबिल भरायचं असतं.
आता दुकान झटकन उघडतं.
आपला हात जगन्नाथ म्हणतात, तो जगन्नाथ
रात्री दीडला अपडेट लावत बसतो.
सकाळी चहाबरोबर दारावरची नोंदवही वाचते:
रात्रीत चार हजार वेळा कडी वाजली.
रूट आलाय, ॲडमिन आलाय, टेस्ट आलाय,
सगळी खोटी नावं.
पूर्वीही वाजत असेल,
तेव्हा दुसरंच कुणी उठायचं.

यंदा पाच तारखेला संध्याकाळी
खाडीच्या बाजूचं आकाश फुटत होतं.
तासाभरात सात ऑर्डरी आल्या.
आठवी बांधण्याआधी मी डेरेककडे गेले.
तेच पांढरं पान, तेच फिरणं.
दुसरं काही उघडलं नाही, थांबले.
मग वरून खाली, हळूहळू,
आधी तारा,
मग मनोऱ्याचे आडवे हात,
मग गवत,
आणि कडेला, अर्धीच आलेली,
एक गाय.