मोटार चालू: आठ ते सव्वानऊ

ऑडिटच्या साहेबांनी लॉगबुकावर बोट ठेवलं.
टाकी सातलाच भरते ना, मोनाप्पा?
मग रोज रात्री सव्वानऊपर्यंत
काय भरत होतास?

बसा साहेब. चहा सांगतो.
मी इथला वॉटरमन, अकरा वर्षं.
व्हॉल्व्हची चावी माझ्याकडं,
आणि टाकीखालच्या त्या लाइटचा खटका पण माझ्याकडंच.

मागल्या साली वरनं कागद आला,
गावोगाव खेळणाऱ्यांची संख्या वाढवा,
पाच वर्षांत दुप्पट.
कागद कन्नडात. हिरेमठ मॅडमनी वाचून सांगितला,
‘भागवहिसुववर संख्ये’, म्हणजे खेळतात किती जण.
युवक मंडळानं लिहिलं चाळीस.
त्यातले निम्मे पुण्याला कामावर,
एक तर वारलाय, त्याचं नाव काढायला कुणाचा हात होईना.
बायकांच्या रकान्यात आडवी रेघ.
ती मीच ओढली, साहेब. पट्टी लावून.

मग निधी आला.
निधी म्हणजे आठ यंत्रं, पिवळी-निळी,
देवळामागं सिमेंटात रोवलेली.
नारळ फुटला, फोटो निघाला,
फलकावर कुठली अक्षरं वर, कुठली खाली
यावरनं थोडी बोलाचाली. ते इथं असतंच.
आता पाय झुलवायच्या यंत्राला
चौगुल्यांची म्हस अंग घासते.
न चुकता येते ती. रकाना असता तर
मी तिला धरली असती.

खेळ चालला होता दुसरीकडंच.
टाकीखालच्या लाल मातीत,
डेअरीला दूध घालून, भाकऱ्या थापून, पोरं निजवून.
मला पहिल्यांदा नुसतं ऐकू आलं:
कबड्डी कबड्डी कबड्डी,
गळ्यातल्या गळ्यात,
घरापर्यंत जाऊ नये अशा बेतानं.

कोण हाय रे?
“आम्हीच की, मामा. खेळूलालाव.”

भारताक्का कुगजी, काजूच्या कारखान्यात बसून बसून पाठ गेलेली.
मल्लव्वा आणि तिची सून, एकमेकींविरुद्ध,
आणि काय सांगू, दोघी खूश.
मुल्लांची रेहाना, शाळेत असताना जिल्ह्याला खेळलेली,
मग लग्न, मग बारा वर्षं काही नाही.
बाद कोण, यावर दोन भाषांत भांडण,
आणि भांडण दोघींनाही पुरतं कळलेलं.

रेहाना म्हणाली,
राखेनं आखतो आम्ही, पण मधली रेघ दिसत नाही.
अंधारात कळतच नाही, मामा,
आपण कुणाच्या हद्दीत आहोत.

मी हसलो. आमच्या भागात
हे इतकं सरळ कुणी बोललं नव्हतं.

खटका दाबला. तेवढंच.
लाल माती एकदम लाल झाली.
भारताक्कानं आधी पदर सावरला,
मग खोचला.

वहीत काय लिहायचं?
‘बायका खेळतात’ याला कोड नाही.
‘मोटार चालू’ याला आहे.

दोनशे वॅट, सव्वा तास, महिन्याचे तीस दिवस.
साडेसात युनिट होतात. मी काढलंय.
एका पिवळ्या यंत्राच्या पैशात
ही लाइट किती वर्षं जळली असती
ते तुम्ही काढा, मशीन तुमच्याकडं आहे.
एक संडास पण लागतो त्यांना. जवळ.
कुणी विचारलंच नाही म्हणून सांगून ठेवतो.

आल्या तेव्हा तेरा होत्या. आता सव्वीस आहेत.
मुदत पाच वर्षांची होती,
आम्हाला सात महिने लागले.

वसुली लावायची तर पगारातनं लावा.
तेवढं वहीचं पान फाडू नका.
हे सव्वीस जणींचं गावात
एवढं एकच दप्तर आहे, आणि त्यात
एकीचंही नाव नाही.

पावणेआठ झाले. तुम्ही चहा संपवा सावकाश.
मला उठलं पाहिजे,
टाकी भरायचीय.