तीनशे अकरा वेळा

नवी पेठेतला मैनोद्दीन म्हणाला,
"सहा महिने पण वापरली नाही अक्का, अकराशे द्या.
दोन दिवस तपासा,
नाही पटली तर आणून तोंडावर मारा."

आईच्या पीएफच्या पासबुकाएवढी एसएसडी.
पाठीवर काळ्या मार्करनं: डिझाइन २.
म्हणजे अक्कलकोट रोडच्या कुठल्यातरी चादर कारखान्यातली,
मोर, जाळी, चौफुली पोटात बाळगलेली.
आता पुसून कोरी.

कुंभारीच्या घरकुलात दुपारचे दोन.
आई सूप मांडीवर घेऊन बसलेली,
मी केबल लावते.

चालू तास: एकोणीस हजार दोनशे चार.
वहीच्या मागच्या पानावर हिशेब करते.
सहा महिने, रात्रंदिवस धरले तरी
चार हजार तीनशे ऐंशी.
मैनोद्दीन, तुझ्या सहा महिन्यांत
दोन उन्हाळे जास्तीचे बसले की रे.

खराब कप्पे शून्य.
प्रकृती एक्याऐंशी टक्के.
आई विचारते, "किती म्हणतंय?"
"एक्याऐंशी."
"मग पास आहे की."

आता वेग.
वाचायला पाचशे बारा.
लिहायला चारशे तीस, रेघ इस्त्री केल्यासारखी,
तीस जीबीपर्यंत.
मग धाडकन अठ्ठावन्न,
आणि तिथंच लंगडत राहिली.
हजारातल्या पहिल्या चारशे विड्यांना
आईचा हात असाच पळतो.
पुढच्या सहाशेंबद्दल
आमच्या घरात कुणी बोलत नाही.

बाहेर त्रेचाळीस, डिस्क बावन्न.
मी तिच्याकडे टेबलफॅन वळवला,
आईनं एकदा वर बघितलं फक्त.

आणि खाली, एरवी कुणी वाचत नाही अशी ओळ:
न सांगता वीज गेली, तीनशे अकरा वेळा.

तीनशे अकरा.
दर वेळी कुणाचा तरी मोर मानेपर्यंतच राहिला असेल,
अंधारात कुणीतरी तेलुगूत एक शिवी घातली असेल
आणि पुन्हा पहिल्या पिसापासून.
नाना अशोक चौकात मागावर होते तेव्हा
वीज गेली की अख्खी गल्ली एकदम ऐकू यायची:
कुणाचं बाळ, कुणाचा कुकर,
कुणाचं कधीचं चाललेलं भांडण.
ते कुणी मोजून ठेवलं नाही.
नानांचे चालू तास किती झाले होते,
ते दवाखान्यातल्या कागदावरही नव्हतं.

जुन्या डिस्का बऱ्या होत्या, मरायच्या आधी
कटकट करून सांगायच्या.
"ही नाही सांगणार," मैनोद्दीननंच सांगितलेलं,
"एका सकाळी दिसतच नाही बघा."
धंद्याच्या माणसानं एवढं खरं बोलू नये.

रात्री पूर्ण तपासणी लावली.
तीन तास लागतील म्हणाली.
उद्या दोन पोरांचे परीक्षेचे फॉर्म भरायचेत,
एका म्हातारीचा हयातीचा दाखला.
हे सगळं हिच्यात ठेवायचं का नाही
ते ठरवायचं होतं.

सत्तर टक्क्यांवर पंखा थांबला.
गेली.
यूपीएस एकदा पिकला आणि गप्प झाला,
तो मागच्या दिवाळीपासून नावालाच आहे.

अंधारात कात्रीचा आवाज थांबला नाही.
पान, तंबाखू, वळण, दोरा.
मी म्हणाले, "आई, उद्या कर की.
चेकर छाटून टाकील."
ती म्हणाली, "छाट निघते ती उजेडातली,
बोलत बोलत केलेली."

चाळीस मिनिटांनी वीज आली.
तिच्या सुपात एक कट्टा वाढला होता,
दोरा सगळ्यांना एकाच उंचीवर.
मी घाम पुसला, मशीन चालू केलं.
दिसली. अजून दिसत होती.
तपासणी पहिल्यापासून, शून्य टक्के.
खराब कप्पे शून्य.
प्रकृती एक्याऐंशी.
न सांगता वीज गेली: तीनशे बारा.

एक आता आमच्या नावावर.
मैनोद्दीनला सकाळी फोन करीन.
नऊशे म्हणीन आधी.