गुरुवारचा वर्ग, रायबंदर

सिस्टर इनासिन म्हणाल्या, देव काळा आहे.
एवढं म्हणून थांबल्या, बोटांवरचा खडू झटकला.
चॅपेलमागच्या खोलीत आम्ही नऊ बायका,
मांडवीला ओहोटी,
फेरीबोट चोडणकडे निघालेली, निम्मी रिकामी.

मग समुद्रापलीकडची गोष्ट सांगितली.
ज्यांना जहाजांच्या पोटात भरून नेलं
त्यांच्या हाती मालकांनीच क्रूस दिला,
आणि त्यांनी तो नीट निरखून पाहिला:
अरे, हा तर आपल्यातला.
ह्याच्यावरही खटला खोटाच चालला,
ह्यालाही रात्रीच उचलून नेलं घरातल्या माणसांदेखत.
तेव्हापासून देवाची बाजू
त्यांना कुणाला विचारावी लागली नाही.

सिस्टर स्वतः हल्याळच्या, सिद्दी.
त्यांचे पूर्वज इथूनच घाट चढून पळाले,
कुठल्या घरातून, ते कुणी लिहून ठेवलं नाही.

कुस्तोदिन चाळीस वर्षं वेदीची वस्त्रं धुते.
ती म्हणाली, "काळो तर काळो, म्हाका चलता.
पूण ताचे कपडे कोण धुता?"

आम्ही हसलो.
सिस्टर हसल्या नाहीत.
हाच प्रश्न तिथल्या बायकांनी विचारला, म्हणाल्या.
वर पुरुष मुक्तीचं प्रवचन देत होते,
खाली तळघरात त्या शंभर माणसांचं जेवण रांधत होत्या.
एक दिवस जिना चढून वर आल्या,
ओले हात न पुसता.

मी ख्रिस्ती नाही. पुराभिलेखात नोकरीला आहे,
जुनं पोर्तुगीज लागतं म्हणून बोलावलेली.
माझ्या पिशवीत एका मठाच्या खर्चवहीतल्या
पानाची नक्कल, कडा वाळवीने खाल्लेल्या.
मराठी करत वाचू लागले:

मेण, चार मण.
लूझिया, काफ्री, वय अंदाजे वीस, धुण्यासाठी,
डाव्या खांद्यावर डाग.
खोबरेल, दोन घडे.

तिची किंमत होती तिथे वाळवी लागलीय.
तेलाची शाबूत आहे.

काफ्री म्हणताना माझी जीभ अडली.
आमच्या वाड्यावर वडाखाली खापरी आहे,
राखण करतो, त्याला रोट लागतो, विडी लागते,
अमावास्येला त्याच्या नावाने वाट सोडतात.
म्हणजे काळा देव आम्हाला नवा नाही, सिस्टर.
पण तो बाप्या.
खापरीण पुजलेली मी कुठे पाहिली नाही.

आणखी एक आठवलं, ते बोलले नाही.
फोंड्याकडच्या एका देवळाच्या जमाखर्चात
समईच्या वातींनंतर, चवरीच्या आधी
माझ्या आईच्या मावशीचं नाव आहे.
भाविण, एक.
ती गात असे म्हणतात. वहीत तसं नाही.

खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही.
पंखा मात्र खडखडत होता.
कुस्तोदिन म्हणाली, "परत वाच. तेलाचें नाका. तिचें."

त्याच संध्याकाळी ती मिसा सांगायला गेली,
मेलेल्यांसाठीची, लूझियाच्या नावाने.
शंभराची नोट घडीची घडी.
कारकुनाने फॉर्म पुढे ओढला.
आडनाव?
नाही.
वाडा?
नाही.
कधी वारली?
"तें बरयल्लें ना."
मग तुझं नातं काय?

कुस्तोदिनने हात टेबलावर ठेवले,
साबणाने सालं निघालेले,
म्हणाली, "आमी एकाच फातरार धुतलां."

फॉर्ममध्ये तेवढी जागा नव्हती.

फादरनी अजून हो म्हटलेलं नाही.
नाही असंही नाही; बिशप हाउसला विचारतो म्हणाले.
सिस्टरना वाटतं, होईल. मला तितकं वाटत नाही.
पण सोमवारी मी ती वही पुन्हा मागवली आहे.
पुढच्या पानावर, मेणानंतर,
आणखी तिघी आहेत,
आणि एकीच्या नावापुढे वेगळ्या शाईत
काहीतरी लिहिलंय,
पळाली असावं, किंवा मेली.
पोर्तुगीजमध्ये ते शब्द सारखे दिसत नाहीत,
पण वाळवीला ते कुठलं कळायला.